घाटात टर्बोची ओढ जाते, चावी बंद-चालू केली की परत येते: वेस्टगेटच्या स्प्रिंगपासून तपास

हे गाऱ्हाणं बहुतेक वेळा ठरलेल्या शब्दांतच येतं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मासळी भरली, हातखंबा, पाली, साखरपा मजेत आलो, आंबा घाट लागला, तिसऱ्यात फुल रेस दिली आणि दोन-चार वळणांत गाडी मेल्यासारखी झाली. चेक इंजिनचा दिवा लागतो, कधी लागतही नाही. मग दुसरा गिअर, मग पहिला, मागे एसटीचा हॉर्न. कडेला घेऊन चावी बंद केली, मिनिटभराने चालू केली, की गाडी पुन्हा पहिल्यासारखी ओढते. पुढची मोठी चढण येईपर्यंत. आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्लीने वर जाणाऱ्यांचं आणि कणकवलीहून फोंडा घाट चढणाऱ्यांचं म्हणणंही हेच.

यावर जे उपाय होतात तेही ठरलेले. डिझेल फिल्टर बदलतात, एअर फिल्टर बदलतात, प्रेशर सेन्सर नवा टाकतात. दोन आठवडे बरं वाटतं, कारण त्या दोन आठवड्यांत भरलेली गाडी घेऊन कुणी घाट चढलेलं नसतं. शेवटी कुणीतरी ‘टर्बो गेला’ असा निकाल देतो आणि मालक कर्ज काढायच्या तयारीला लागतो. पण टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, खरोखर गेला असता, तर चावी फिरवून परत आला नसता. टर्बोची शाफ्ट ढिली झाली किंवा पंखा घासला, तर गाडी सपाटीवरही कुरकुरते, ऑइल पिते, निळा धूर सोडते. चावीने बरी होणारी गाडी वेगळंच सांगत असते.

ती सांगते की ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, स्वतःहून हात आखडता घेतलाय. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब प्रेशर सेन्सर मोजत असतो. ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब यांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला आणि तो काही सेकंद टिकला, की ईसीयू इंधन तोडतो. यालाच लिंप मोड म्हणतात. चावी बंद केली की हा बंदोबस्त उठतो. स्कॅनर लावला तर दोनपैकी एक कोड मिळतो: पी ०२३४ म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मागितल्यापेक्षा जास्त, पी ०२९९ म्हणजे कमी. दोन्ही कोड एकाच गाडीत सापडले तर गोंधळून जाऊ नका, त्यातून उलट नेमकी दिशा मिळते. कधी जास्त, कधी कमी म्हणजे काहीतरी अडकतंय आणि सुटतंय. हे अडकणं-सुटणं नव्वद टक्के वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये किंवा त्याच्या लिव्हरमध्ये असतं, असं मी म्हटलं तर आकडा माझ्या मनाचा समजा. पण शोध तिथूनच सुरू करा, कारण तपासायला खर्च जवळपास शून्य आहे.

स्प्रिंग काय ठरवते

टर्बोच्या गरम बाजूला एक छोटी झडप असते. ती उघडली की काही धूर टर्बाइनच्या पंख्याला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो, पंखा मंदावतो आणि बूस्ट वाढायचा थांबतो. ही झडप म्हणजे वेस्टगेट. ती उघडणारा गोल डबा म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. डब्यात रबराचा पडदा आहे. पडद्याच्या एका बाजूला टर्बोने तयार केलेल्या हवेचा दाब येतो, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग बसलेली असते. दाब स्प्रिंगला हरवेल तेव्हा रॉड बाहेर सरकतो आणि झडप उघडते. एवढंच यंत्र.

ताकदीचा हिशोब करून बघा. पडद्याचा कामाचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर. १ बार दाबाला त्यावर सुमारे २० किलोचा जोर येतो. म्हणजे त्या इवल्या डब्यातली स्प्रिंग २० किलोच्या आसपास रेटा पेलत असते, तेही लालभडक होणाऱ्या टर्बाइनपासून वीतभर अंतरावर. बोटांनी रॉड ओढून बघायचा आणि ‘कडक आहे, ठीक आहे’ म्हणायचं, या तपासणीला म्हणून काही अर्थ नाही. १२ किलोची स्प्रिंगही बोटांना कडकच लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईसीयू बूस्टवर हुकूम चालवतो तो सोलेनॉइडमार्फत, म्हणजे विजेवर उघडबंद होणाऱ्या छोट्या झडपेमार्फत. हा सोलेनॉइड अ‍ॅक्च्युएटरकडे जाणाऱ्या हवेतली थोडी हवा बाजूला सोडून देतो. अ‍ॅक्च्युएटरला खऱ्यापेक्षा कमी दाब कळतो, तो झडप उशिरा उघडतो आणि बूस्ट वाढतो. म्हणजे सोलेनॉइड बूस्ट वाढवू शकतो, स्प्रिंगने ठरवलेल्या दाबाच्या खाली मात्र आणू शकत नाही. खालची पातळी स्प्रिंगच्या हातात, वरची भर ईसीयूच्या हातात. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक बसली, तर ईसीयूने सोलेनॉइड पूर्ण बंद ठेवला तरी बूस्ट खाली येत नाही आणि पी ०२३४ येतो. स्प्रिंग मऊ पडली, तर सोलेनॉइड जीव तोडून भर घालतो, सपाटीवर ती पुरते, भरलेल्या गाडीला घाटात पुरत नाही आणि पी ०२९९ येतो.

मऊ स्प्रिंगचा त्रास पुस्तकी हिशोबापेक्षा थोडा जास्तच होतो, कारण झडपेला फक्त रॉडच उघडत नाही. आतून धुराचा दाबही तिला ढकलत असतो. चढणीला इंजिनावर पूर्ण लोड असताना मॅनिफोल्डमधला धुराचा दाब वाढतो आणि कमजोर स्प्रिंगला न जुमानता झडप आधीच किलकिली होते. म्हणून टेबलावर बरा वाटलेला अ‍ॅक्च्युएटर घाटात हार मानतो.

आणि घाटच का, याला दुसरं एक कारण आहे ते फारसं कुणी लक्षात घेत नाही. पडद्याची स्प्रिंगकडची बाजू बाहेरच्या हवेला उघडी असते. त्यामुळे स्प्रिंग जो दाब राखते तो बाहेरच्या हवेपेक्षा वरचा दाब. रत्नागिरीला, समुद्रसपाटीवर, बाहेरची हवा १०१ किलोपास्कल. आंबोलीला, सुमारे ६९० मीटरवर, ती ९३ च्या आसपास येते, आणि महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या उंचीवर, ८६ च्या आसपास. १ बारची, म्हणजे १०० किलोपास्कलची स्प्रिंग असेल, तर इंजिनाला रत्नागिरीत एकूण २०१ मिळतात आणि महाबळेश्वरला फक्त १८६. मधले १५ सोलेनॉइडने भरून काढायचे असतात. सोलेनॉइड लंगडा असेल तर खाली बंदरावर गाडी चकाचक आणि माथ्यावर कोड. तेव्हा त्रास घाटाच्या पायथ्याशीच सुरू होतो की माथा जवळ आल्यावर, हे ड्रायव्हरला नक्की विचारा. पायथ्याशी असेल तर आधी स्प्रिंग आणि लिव्हरकडे बघा, माथ्यावर असेल तर सोलेनॉइड आणि त्याच्या पाइपांकडे.

आधी प्रकार ओळखा

वर सांगितलं ते दाबावर चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरचं. बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा असतो आणि त्याचं सगळं उलटं असतं. तिथे व्हॅक्यूम रॉडला आत ओढून बूस्ट तयार करतो आणि व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग झडप उघडी टाकते. दाबवाल्यात पाइप फाटला किंवा पडदा फुटला तर झडप उघडतच नाही, बूस्ट बेफाम वाढतो. व्हॅक्यूमवाल्यात तीच गोष्ट झाली तर बूस्ट येतच नाही. एकाच बिघाडाचे दोन विरुद्ध परिणाम. हे न बघता मोबाइलवरच्या व्हिडिओप्रमाणे हात चालवणाऱ्यांची गाडी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येते.

ओळखायची सोपी रीत: थंड इंजिनावर रॉडकडे नजर ठेवा आणि कुणाला तरी चावी मारायला सांगा. इंजिन चालू होताच, आयडलिंगलाच रॉड सरकला तर व्हॅक्यूमवाला. जागचा हलला नाही, आणि डब्यातून निघालेला पाइप टर्बोच्या थंड बाजूच्या निपलकडे जात असेल, तर दाबवाला. व्हॅक्यूमवाला निघाला तर पुढच्या मोजणीत हातपंपाऐवजी व्हॅक्यूम पंप लागेल, बाकी वाचनाची पद्धत तीच. डब्याला हवेचा पाइपच नाही, नुसता वायरचा प्लग आहे, तर तो मोटरवाला. त्याचा विषय इथे नको.

स्कॅनरवर काय बघायचं

कोड वाचून स्कॅनर बंद करू नका. ब्लूटूथचा साधा ओबीडी अडॅप्टर आणि मोबाइल असला तरी पुरतो. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट असे दोन आकडे एकत्र लावा, शेजारी कुणालातरी बसवा, मोकळ्या चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण रेस देऊन ३५०० पर्यंत न्या. गाडी चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही. मॅनिफोल्डचा आकडा बहुधा एकूण दाबाचा असतो, त्यातून बाहेरच्या हवेचे १०० वजा केले की खरा बूस्ट.

मिळालेला आकडा मागितल्याच्या मागे रेंगाळत राहिला आणि शेवटपर्यंत पोचलाच नाही, तर स्प्रिंग मऊ आहे, झडप नीट बसत नाही, किंवा हवा कुठेतरी गळतेय. आकडा मागितल्याच्या वर उसळी मारून मग खाली आला, तर झडप उशिरा सुटतेय. आणि आरपीएमबरोबर आकडा चढतच गेला, कुठे थांबेचना, तर झडप पुरेशी उघडतच नाही. हवा गळतेय का, हे इथेच मिटवून टाका. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर, विशेषतः क्लॅम्पच्या कडेला, ऑइलचा ओला थर आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर होज तिथे फाटलेला आहे. तो आधी बदला, नाहीतर पुढची सगळी मोजमापं फसवतील.

पंप, गेज आणि तीन आकडे

खरं उत्तर इथे मिळतं. लागणारी सामग्री: ० ते २.५ बारचा चांगला गेज, टायरचा हातपंप किंवा रेग्युलेटर लावलेली कंप्रेसरची लाइन, एक टी आणि हातभर रबरी पाइप. रॉडचं सरकणं मोजायला डायल गेज असला तर उत्तम, नाहीतर कॅलिपर. कंप्रेसरच्या टाकीतली ७-८ बार हवा थेट अ‍ॅक्च्युएटरला देऊ नका. पडदा फुटतो, आणि मग अ‍ॅक्च्युएटर खराब होता की तुम्ही केला हे कुणालाच सांगता येत नाही. इंजिन थंड पाहिजे.

अ‍ॅक्च्युएटरचा पाइप काढा, आपला जोडा, हळूहळू दाब वाढवा. पहिला आकडा: रॉड कुठल्या दाबाला हलायला लागला. दुसरा: ५ मिलिमीटर सरकायला किती दाब लागला. तिसरा लोक विसरतात: दाब उतरवताना रॉड कुठल्या दाबाला परत पूर्ण आत गेला. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे असतात, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतात. समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. चांगला अ‍ॅक्च्युएटर ०.९ बारला हलतो आणि १.२ बारला ५ मिलिमीटर सरकतो. मधलं अंतर ०.३.

आता समजा आकडे ०.७ आणि १.० आले. दोन्ही सारखेच घसरले, अंतर ०.३ च राहिलं. स्प्रिंगची जात बदललेली नाही, ती उष्णतेने बसली आहे, थोडी आखूड झाली आहे. रॉड फिरवून लांबी कमी करता येत असेल तर हा दोष सेटिंगने निघतो.

समजा आकडे ०.६ आणि ०.८ आले. सुरुवात खाली आली आणि अंतरही ०.२ झालं. इथे स्प्रिंगची तारच बारीक झाली आहे, म्हणजे गंजाने खाल्ली आहे. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. तार १० टक्के बारीक झाली की ०.९ चा चौथा घात, साधारण ०.६६, म्हणजे एक तृतीयांश कडकपणा गेला. डोळ्यांना ती तार जवळपास नव्यासारखी दिसते. या स्प्रिंगला रॉड आखडून सुरुवातीचा दाब ०.९ वर आणता येतो, आणि बरेच जण तेवढंच करून गाडी देतात. पण अंतर ०.२ च राहतं, झडप भसकन उघडते, बूस्ट वरखाली नाचतो आणि गाडी महिन्याभरात परत येते. तो अ‍ॅक्च्युएटर बदलायचाच.

तिसरी गत सगळ्यात जास्त सापडते. दाब वाढवत नेला, ०.९ गेला, १.० गेला, रॉड ढिम्म. १.२ ला टक्कन आवाज होऊन रॉडने एकदम उडी मारली. दाब उतरवला तर ०.८, ०.७ ला रॉड अजून बाहेरच, ०.५ ला कुरकुरत आत गेला. जाताना आणि येताना आकड्यांत एवढी तफावत म्हणजे घर्षण. स्प्रिंग निर्दोष असू शकते. घाटात काय होतं ते आता लावून बघा: झडप उशिरा सुटते म्हणून बूस्ट उसळतो, पी ०२३४. मग वळणावर रेस सोडता, झडप उघडीच अडकून राहते, पुन्हा रेस देता तर बूस्ट येत नाही, पी ०२९९. एकाच घाटात दोन्ही कोड.

अशी एक पिकअप उभी होती तेव्हा तिच्या ड्रायव्हरला मी जवळ बोलावून दाखवलं. रॉडच्या टोकाची ई-क्लिप काढली, रॉड पिनवरून उचलला आणि झडपेचा लिव्हर त्याच्या बोटात दिला. “हलव.” त्याने हलवला. खरखरत अर्ध्यात थांबला. बुशच्या कडेने वीटकरी रंगाची पूड गळून त्याच्या बोटाला लागली. “काका, मग डब्बा चांगला आहे?” डब्बा चांगलाच होता. मोकळा केलेला लिव्हर बोटाच्या टोकाने, अडथळ्याशिवाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला पाहिजे. तो फिरत नसेल तर कितीही अ‍ॅक्च्युएटर बदला, फरक पडणार नाही.

एक खबरदारी. रॉड पिनवरून काढला की अ‍ॅक्च्युएटर पुन्हा मोजायचा मोह होतो. मोजा, पण पहिला आकडा आता कमी येणार, कारण बसवताना रॉड ताणून पिनवर अडकवलेला असतो आणि तो ताण निघून गेलेला असतो. ते बघून स्प्रिंगला दोष देऊ नका. मोकळ्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये फक्त अंतर बघा आणि जाता-येता रॉड गुळगुळीत चालतो का ते बघा. शेवटी १ बार दाब देऊन तोंड बंद करा आणि मिनिटभर थांबा. काटा सरकत खाली आला तर पडदा गळतोय. खात्रीसाठी साबणाचं पाणी रॉडच्या भोकाशी लावा, बुडबुडे येतील.

सोलेनॉइडचा निकाल लावायचा असेल तर पंपाचीही गरज नाही. दाबवाल्या गाडीत सोलेनॉइड बाजूला ठेवून टर्बोचं निपल थेट अ‍ॅक्च्युएटरला जोडा आणि तीच चढण एकदा सांभाळून चढा. आता जो बूस्ट येईल तो शुद्ध स्प्रिंगचा. तो मॅन्युअलप्रमाणे असेल आणि स्थिर असेल, तर स्प्रिंग, पडदा, लिव्हर तिघंही सुटले. दोष सोलेनॉइडमध्ये, त्याच्या पाइपांत किंवा त्याच्या धुळीने भरलेल्या छोट्या फिल्टरमध्ये. पाइप बदलताना जुना पाइप लगेच कचऱ्यात टाकू नका. काही गाड्यांत त्याच्या आत पितळेचा बारीक भोकाचा जेट बसवलेला असतो. तो नव्या पाइपात घातला नाही तर अ‍ॅक्च्युएटरला मिळणारा दाबच बदलतो.

कोकणात हे जास्त का होतं

अ‍ॅक्च्युएटरची स्प्रिंग ज्या बाजूला असते त्याच बाजूने रॉड बाहेर येतो, आणि ती बाजू हवाबंद नसते. नसायलाच हवी, नाहीतर पडदा हलणार नाही. पण त्याच भोकातून खारी हवा आत जाते. जेट्टीवर गाडी लावायची, बर्फाचं आणि मासळीचं खारट पाणी चाकाखाली साचलेलं, निघताना पुढच्या चाकांनी ते वर उडवलेलं, मग ताशी साठने घाटाकडे. टर्बो तापतो, पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. पुढच्या फेरीला त्यावर आणखी एक थर. देशावरच्या गाडीचा लिव्हरही तापतोच, पण त्याच्यावर मीठ नसतं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बऱ्याच गाड्या दोन महिने उभ्या राहतात. हे त्याहून वाईट. चालत्या गाडीचा लिव्हर निदान हलत असतो, उभ्या गाडीचा गंजून जागीच बसतो. नारळी पौर्णिमेनंतर धंदा सुरू झाला की पहिल्याच भरलेल्या फेरीला घाटात गाडी दम टाकते आणि मालक म्हणतो, “उभीच होती, तिला काय झालं?” उभी होती म्हणूनच झालं.

सेकंडहँड गाडी असेल तर आणखी एक शक्यता मनात ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कित्येक गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीचं इंजिन उघडून साफ करतात, वायरिंग बदलतात, पण अ‍ॅक्च्युएटरचा बंद डबा उघडता येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाही. आत गेलेला गाळ आणि पाणी स्प्रिंगला वर्षानुवर्षं खात बसतं. वर सांगितलेला ०.६ आणि ०.८ चा प्रकार दिसला तर गाडीचा इतिहास विचारा.

गंजलेला लिव्हर सोडवायला गंज सोडवणारा स्प्रे चालतो, पण थंड टर्बोवर. तापलेल्या टर्बाइनवर स्प्रे मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, सकाळी लिव्हर हाताने शंभरदा इकडून तिकडे करा, पूड पुसा, पुन्हा मारा. मोकळा झाल्यावर बुशला उष्णता सोसणारं कॉपर ग्रीस अगदी थोडं लावा. साधं ग्रीस जळून कोळसा होतं आणि आठवड्याभरात पुन्हा जाम. अ‍ॅक्च्युएटरच्या भोकात मात्र काहीही घालू नका, ऑइलने पडद्याचं रबर फुगतं. लिव्हर मोकळा झाला पण आता पिन बुशमध्ये खडखडतेय, आयडलिंगला टिकटिक आवाज येतोय, तर बुश झिजला. झडप नीट बसणार नाही आणि बूस्ट कमीच राहणार. बुश बदलून देणारे टर्बोवाले कोल्हापुरात आहेत, पुण्यात तर आहेतच. संपूर्ण टर्बो बदलायची गरज नसते.

वॉशरचा जुगाड

ब्रॅकेटखाली दोन वॉशर घालून किंवा रॉडचा नट चार फेरे आवळून ‘पिकअप वाढवून’ देणारे सगळीकडे भेटतात. त्याने स्प्रिंगवर आधीचा ताण वाढतो, झडप उशिरा उघडते, बूस्ट वाढतो, हे खरं. पण डिझेल गाडीत ताकद इंधनातून येते. ईसीयू इंधन तेवढंच देत असेल तर जास्तीच्या हवेने फार काही हाती लागत नाही. शिवाय स्प्रिंग आधीच दाबली गेल्यामुळे पुढे सरकायला जागा कमी राहते, झडप पूर्ण उघडत नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट चढतच जातो. छोट्या टर्बोची शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरते, तिला आणखी पळवून बेअरिंगचं आयुष्य घटवणं हा सौदा कुणाच्या फायद्याचा? आणि ज्या घाटासाठी हे केलं, त्याच घाटात ईसीयू पी ०२३४ टाकून गाडी लंगडी करतो. त्यामुळे गाडी हातात आली की आधी लॉकनटवरचा कंपनीचा रंगाचा ठिपका बघतो. ठिपका तुटलेला असेल, किंवा ब्रॅकेटखाली वॉशर असतील, तर कुणीतरी आधी हात लावलेला आहे आणि सगळे आकडे त्या हिशोबाने वाचावे लागतात.

नवीन बसवताना

बाहेरून एकसारखे दिसणारे अ‍ॅक्च्युएटर आतून वेगळे असतात. ब्रॅकेट जुळलं, रॉडची लांबी जुळली म्हणून स्प्रिंग जुळेलच असं नाही. दुकानात गाडीचं नाव सांगू नका, टर्बोवरच्या पट्टीवरचा नंबर सांगा. आणि नवा असला तरी बसवण्याआधी तेच तीन आकडे घ्या. खोक्यातला माल चुकीचा निघू शकतो, आणि बसवल्यावर दुकानदार परत घेत नाही.

रॉड फिरणारा असेल तर सेटिंग असं: झडप हाताने पूर्ण बंद धरा, रॉडचं टोक पिनसमोर आणा. मग मॅन्युअलमधला दाब गेजवर देऊन, तिथे सांगितलेलं सरकणं येईपर्यंत रॉड एकेक फेरा फिरवत बघा. आकडा मिळाला की लॉकनट आवळा आणि पुन्हा एकदा मोजा, कारण नट आवळताना रॉड अर्धा फेरा फिरतोच. मग रंगाचा ठिपका द्या. रॉडचं टोक वेल्ड केलेलं असेल तर त्याला सेटिंग नाही, आकडे चुकले तर तो अ‍ॅक्च्युएटरच त्या टर्बोचा नाही.

सगळं बरोबर आलं आणि तरीही पी ०२९९ हटत नसेल, तर स्प्रिंगचा पिच्छा सोडा. उघडी अडकलेली ईजीआर झडप (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी) आणि चोंदलेला सायलेन्सर यांचीही लक्षणं हीच असतात.

गाडी दुसऱ्या कुणाकडे न्यायची असेल, किंवा फोनवर विचारायचं असेल, तर ‘पिकअप नाही’ एवढंच सांगून भागत नाही. अ‍ॅक्च्युएटर दाबवाला की व्हॅक्यूमवाला, कोड कुठला, त्रास पायथ्याला की माथ्याला, भरलेल्या गाडीला की रिकाम्यालाही, आणि हलायला लागल्याचा, ५ मिलिमीटरचा आणि परत बसल्याचा असे तीन दाब कागदावर लिहून न्या. गेज नसेल तर टायरवाल्याकडचा चालेल. त्यावर पीएसआय असतील तर १ बारला साडेचौदा धरा.